जयनगर ते चिकपेट: बंगळूरचा पायी इतिहास

जयनगर ही बंगळूरच्या दक्षिण अंगाची नियोजित वसाहत. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, १९४८ साली, भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचा पाया घातला गेला. तिथून उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर चिकपेट आणि ॲव्हेन्यू रोड यांचा चौक लागतो. १५३७ साली स्थानिक नायक केंपेगौडाने बंगळूरची पेठ वसवली ती या चौकाभोवती. जयनगरहून चालत निघाले की शहराच्या वाढीचे टप्पे उलट्या क्रमाने समोर येतात: आधी विसाव्या शतकाच्या मध्यातली वसाहत, मग हैदर अलीची बाग, तिच्या कडेला १८९८ च्या प्लेगने वसवलेले उपनगर, पुढे अठराव्या शतकातला दगडी किल्ला आणि शेवटी सोळाव्या शतकातली पेठ. बाग आणि उपनगर यांचा क्रम तेवढा चुकतो, पण वाटेवर आधी बाग येते त्याला इलाज नाही. या सगळ्याच्या पोटात सतराव्या शतकातली ४९ वर्षे भोसल्यांची आहेत.

जुने शहर पाहणारे बहुतेक लोक थेट पेठेत उतरतात आणि तिथल्या गर्दीत हरवतात. बंगळूरच्या बाबतीत तरी बाहेरून आत जाणे अधिक समजूत देणारे आहे. या शहराच्या प्रत्येक पिढीने त्याची शीव कुठेतरी ठरवली, तिथे खूण उभारली, आणि पुढच्या पिढीने ती ओलांडली. जयनगरकडून येणाऱ्याला या खुणा एकेक करून भेटतात.

दुसऱ्या महायुद्धाने बंगळूरचा आकार बदलला. १९४० साली विमानांचा कारखाना निघाला, स्वातंत्र्यानंतर टेलिफोन, यंत्रसामग्री आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सरकारी कारखाने आले. १९४१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ४ लाख ७ हजार होती. १९५१ मध्ये ती ७ लाख ७९ हजारांवर गेली. म्हैसूर संस्थानाने १९४५ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड स्थापन केले. वसाहती आखायच्या, भूखंड पाडायचे आणि ते वाटायचे, हे त्याचे काम. जयनगर हे या बोर्डाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत यशस्वी काम म्हणता येईल. १९७६ मध्ये बोर्डाची जागा बंगळूर विकास प्राधिकरणाने घेतली. वसाहतीच्या नावातला ‘जय’ म्हणजे तेव्हाचे महाराज जयचामराजेंद्र वोडेयर, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

ज्या जमिनीवर ही आखणी झाली ती मोकळी नव्हती. सिद्दापुर, भैरसंद्र, यडियूर, मारेनहळ्ळी, कनकनपाळ्य ही खेडी तिथे आधीपासून होती आणि त्यांची तळी, शेते, देवळेही होती. बोर्डाने शेते घेतली, गावठाणे बहुधा तशीच ठेवली. त्यामुळे आजही जयनगरच्या सरळ रस्त्यांवरून चालताना मध्येच एखादी गल्ली वाकडी होते, घरे एकमेकांना टेकतात, कोपऱ्यावर ग्रामदेवतेचे छोटे देऊळ दिसते. चालणाऱ्याने समजावे की आपण जुन्या खेड्यात शिरलो. यडियूरचे तळे अजून आहे.

आखणी मात्र कोणालाही दहा मिनिटांत कळेल अशी आहे. वसाहतीचे ब्लॉक पाडलेले आहेत. दक्षिणोत्तर रस्ता तो ‘मेन’, पूर्वपश्चिम रस्ता तो ‘क्रॉस’, आणि दोन्हींना आकडे. क्रॉसचे आकडे साधारणपणे उत्तरेकडून दक्षिणेकडे चढत जातात: चौथ्या ब्लॉकात सत्ताविसावा-तिसावा क्रॉस, पाचव्या ब्लॉकात एकोणचाळिसावा. म्हणजे उत्तरेकडे, शहराच्या दिशेने चालणाऱ्याला आकडे उतरताना दिसले की वाट बरोबर आहे. भूखंडांची मापे फुटांत ठरलेली आणि तीच लोकांच्या तोंडी बसलेली: ‘थर्टी-फॉर्टी’ म्हणजे मध्यमवर्गीयाचा भूखंड, ‘फॉर्टी-सिक्स्टी’ म्हणजे बऱ्यापैकी सुस्थितीतल्याचा. बँकेतला कारकून, कॉलेजातला प्राध्यापक आणि सरकारी इंजिनियर एकाच क्रॉसवर घरे बांधत, आणि घराच्या मापावरून नोकरीचा अंदाज येई. त्या बैठ्या घरांपैकी बरीच आता चारमजली झाली आहेत.

जुने शहर आणि त्याला लागून आखलेले नवे शहर ही जोडी जगात इतरत्रही आहे. स्पेनमध्ये बार्सिलोनाची तटबंदी १८५४ पासून पाडायला सुरुवात झाली आणि १८५९ मध्ये इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने बाहेरच्या मोकळ्या मैदानावर चौकोनी ठोकळ्यांची नवी वस्ती आखली. तिथे फिरणारा माणूस गॉथिक भागातल्या अरुंद बोळांतून निघून एका रस्त्यात सेर्दाच्या रुंद, तिरप्या कोपऱ्यांच्या चौकांत येतो. शतके बदलल्याचे पायांना कळते. बंगळूरमध्ये हे इतके झटकन घडत नाही. जयनगर आणि पेठ यांच्यामध्ये बाग आहे, खडक आहे, किल्ला आहे, आणि वाहतुकीचा असा काही पट्टा आहे की बार्सिलोनाच्या पाहुण्याची तिथे परीक्षाच होईल.

जयनगरचे झाडांचे छप्पर हा योगायोग नाही. १९०८ ते १९३२ या काळात बंगळूरच्या बागांची जबाबदारी सांभाळणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल यांनी रस्त्यांवर अशी झाडे लावण्याचा पायंडा पाडला की एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा. जयनगर त्यांच्या निवृत्तीनंतरचे, पण पायंडा टिकला. १९८० च्या दशकात वनखात्याचे अधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी शहरभर सुमारे १५ लाख झाडे लावली. गुलाबी टॅबेब्युया, जांभळी जकरांदा, मग करंज आणि एप्रिल-मेमध्ये गुलमोहर, असा क्रम जयनगरमध्ये आजही पाळला जातो. भर उन्हातही इथले बरेच रस्ते चालण्याजोगे राहतात; पुण्याच्या जुन्या रस्त्यांवरची वडाची झाडे गेल्याचे ज्यांनी पाहिले त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

चौथा ब्लॉक हा जयनगरचा बाजार. विकास प्राधिकरणाने सत्तरच्या दशकात बांधलेले खरेदी संकुल तिथे आहे आणि त्याच्याभोवती पदपथावर फुले, भाजी, कपडे, बांगड्या मांडलेल्या असतात. आखणीकारांनी बाजार एका इमारतीत कोंडायचे ठरवले होते. बाजाराने ते फारसे मनावर घेतले नाही. गणपती आणि वरमहालक्ष्मीच्या आधल्या दिवशी इथे चालणे म्हणजे ढकलले जाणे.

चौथ्या ब्लॉकातून उत्तरेला निघाले की साउथ एंड सर्कल येतो. सहा रस्ते मिळणारा हा चौक म्हणजे एका पिढीची शीव. शहर इथे संपते असे तेव्हा मानले जाई. आता शहर याच्या दक्षिणेला कित्येक किलोमीटर गेले आहे, आणि चौकाला लागून मेट्रोचे स्थानक आहे. हिरव्या मार्गाचा हा टप्पा जून २०१७ मध्ये सुरू झाला. चौकापासून थोड्या अंतरावर, जयनगरचा पहिला ब्लॉक आणि सिद्दापुर यांच्या सीमेवर, अशोकस्तंभ आहे. जयनगरच्या उद्घाटनाची खूण म्हणून राजगोपालाचारींच्या हस्ते १९४८ मध्ये त्याचे अनावरण झाले. वर सारनाथच्या धर्तीचे चार सिंह आहेत. राज्यघटना लागू व्हायला तेव्हा अजून दीड वर्ष होते. नव्या देशाची मुद्रा एका नव्या वसाहतीच्या दारात इतक्या लवकर उभी करणे यात म्हैसूर राज्याची दूरदृष्टी किती आणि हौस किती हे ठरवणे कठीण. पण जयनगर म्हणजे केवळ भूखंडवाटप नाही असे सुचवण्याचा हेतू स्पष्ट दिसतो.

स्तंभापासून लालबागेचे कुंपण जवळ आहे. १७६० साली हैदर अलीने सुमारे ४० एकरांवर ही बाग सुरू केली आणि टिपू सुलतानाने ती वाढवली. १८०० साली फ्रान्सिस ब्युकॅनन हा कंपनी सरकारचा डॉक्टर मद्रासहून म्हैसूरच्या मुलखाची पाहणी करत इथे आला. बाग चौकोनी वाफ्यांमध्ये विभागलेली, मध्ये चालण्याच्या वाटा, वाटांच्या कडेला सुरू, आणि एकेका वाफ्यात एकेकच जातीचे झाड, असे त्याने लिहून ठेवले आहे. मोगली बागेची ही शिस्त पुढे इंग्रजांच्या काळात बरीच मोडली. १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पतिउद्यान झाली. १८८९ च्या नोव्हेंबरात राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टरच्या हस्ते ग्लास हाउसची कोनशिला बसली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा नमुना समोर होता आणि ओतीव लोखंड ग्लासगोहून आले. तेव्हाचे अधीक्षक जेम्स कॅमेरून यांनी बाहेरची अनेक झाडे आणि भाज्या इथे आणून रुजवल्या. बंगळूरच्या घराघरांत सांबारात पडणारी चौ-चौ ही त्यांतलीच एक, असे सांगतात. आज बाग सुमारे २४० एकर आहे, आणि प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिन यांच्या सुमारास ग्लास हाउसमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. त्या दिवसांत शांतपणे पाहण्याची आशा धरू नये.

बागेतली सर्वांत जुनी गोष्ट बागेची नाहीच. तो उघडा खडक आहे. त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे. म्हैसूर संस्थानाच्या भूगर्भखात्यातले डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ मध्ये या जातीच्या दगडाला ‘पेनिन्सुलर नाइस’ असे नाव दिले, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७५ मध्ये हा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवला. खडकाच्या माथ्यावर छोटा दगडी बुरूज आहे, केंपेगौडाच्या घराण्याने उभारलेल्या चार बुरुजांपैकी एक. बाकीचे तीन हलसूर तळ्याजवळ, केंपांबुधी तळ्याजवळ आणि उत्तरेला मेखरी सर्कलजवळ आहेत. शहर या चार बुरुजांपर्यंत वाढेल, अशी भविष्यवाणी होती असे सांगतात. बुरुजाशी उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की जयनगरची झाडी दिसते आणि तिच्या पलीकडे इमारतीच इमारती. भविष्यवाणी करणाऱ्याचा अंदाज फार कमी पडला, पण तीन-चार शतके तो चालून गेला हेही थोडे नाही.

लालबागेच्या पश्चिम दरवाज्याने बाहेर पडले की बसवनगुडी सुरू होते. सरळ पेठेकडे जाणाऱ्याला ही वाट आडवाटेची, पण सोडू नये. ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळूरात प्लेग शिरला. आदल्या वर्षी पुण्यात प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्ताने काय घडवले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. म्हैसूर संस्थानाने प्लेग कमिशनर म्हणून व्ही. पी. माधवराव यांना नेमले. ते कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. पुढे १९०६ ते १९०९ ते म्हैसूरचे दिवाण झाले. प्लेगची खरी लागण पेठेच्या दाट वस्तीत होती, म्हणून लोकांना बाहेर मोकळ्या जागी हलवण्याचा निर्णय झाला आणि दक्षिणेला बसवनगुडी, वायव्येला मल्लेश्वरम ही उपनगरे आकाराला आली. रुंद रस्ते, घरामागे सफाईची गल्ली, मध्ये उद्यान, अशी त्यांची रचना. हवा आणि उजेड घरात यावा हा तिचा उद्देश होता. जातींप्रमाणे वेगवेगळे भाग पाडायलाही आखणीकार विसरले नाहीत. जयनगरच्या आखणीचे मूळ शोधायचे तर इथे सापडते. जयनगर म्हणजे पन्नास वर्षांनी, मोठ्या मापावर काढलेली बसवनगुडीच.

या उपनगराला नाव देणारे बसवाचे देऊळ मात्र केंपेगौडाच्या काळचे. एकाच दगडातून कोरलेला सुमारे साडेचार मीटर उंचीचा नंदी, आणि कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी त्याच्या आवारात भरणारी ‘कडलेकाई परिषे’, म्हणजे शेंगांची जत्रा. आसपास शेंगांची शेते होती, पीक तयार झाले की बैल ते खाऊन टाकी, म्हणून पहिले पीक बसवाला वाहू लागले, अशी कथा सांगितली जाते. शेते कधीच गेली; शेंगा आता बाहेरगावाहून ट्रकने येतात आणि जत्रा पूर्वीपेक्षा मोठी भरते.

जवळच गवीपुरममध्ये गुहेतले गवी गंगाधरेश्वराचे देऊळ आहे. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी सूर्याची किरणे नंदीच्या शिंगांमधून आत पिंडीपर्यंत जातात आणि ते पाहायला मोठी रांग लागते. याच भागात मराठा समाजाचा गोसावी मठही आहे. गवीपुरम आणि हनुमंतनगर या बाजूला मराठी घरे जुनी आहेत. शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा इथे वाढला, बंगळूरच्या बसमध्ये कंडक्टर झाला आणि मद्रासला जाऊन रजनीकांत झाला. बसवनगुडीच्या दुसऱ्या अंगाला, बुल टेंपल रोडवर, कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. नामदार गोखल्यांचे नाव पुण्याबाहेर इतक्या निष्ठेने चालवणारी संस्था विरळाच. गांधी बाजारात १९४३ पासून चाललेल्या विद्यार्थी भवनात डोसा खायला थांबायचे की लालबागेच्या उत्तरेला मावळ्ळी टिफिन रूमपर्यंत कळ काढायची, हा प्रश्न चालणाऱ्याने स्वतः सोडवावा. मावळ्ळीचे दुकान १९२४ चे. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून रव्याची इडली आपणच काढली, असा त्यांचा दावा आहे.

मावळ्ळीपासून किल्ल्यापर्यंतचा पट्टा या वाटेतला सर्वांत कंटाळवाणा. उड्डाणपूल, बसगाड्या, रुग्णालये. पदपथावरची गटारावर टाकलेली फरशी पाहून पाय टाकावा लागतो. पण याच गोंधळात किल्ल्याचा उरलेला तुकडा, दिल्ली दरवाजा, अचानक समोर येतो. आधी इथे मातीचा किल्ला होता. १७५८ च्या सुमारास हैदर अलीला बंगळूर जहागीर म्हणून मिळाले, आणि लगेच पुढे गोपाळराव पटवर्धनांच्या मराठी फौजेने वेढा दिला तेव्हा त्याने ते राखले. १७६१ मध्ये त्याने किल्ला दगडी करायला घेतला. टिपूविरुद्धच्या युद्धात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या इंग्रजी सैन्याने ७ मार्च १७९१ रोजी पेठ आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला घेतला. किल्लेदार बहादूर खान लढता लढता पडला. तट जिथे फोडला तिथे इंग्रजांनी लावलेली पाटी आहे. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या त्या मे महिन्यात, श्रीरंगपट्टणच्या बाजूला. तोवर बंगळूर पडून गेले होते.

किल्ल्याशेजारी दोन वास्तू लागून आहेत. एक टिपूचा उन्हाळी महाल, हैदरने सुरू केलेला आणि १७९१ मध्ये पुरा झालेला. तो बहुतांश लाकडी आहे. खांब आणि कमानी सागवानी, भिंतींवरची रंगीत नक्षी आता फिकी. दुसरे कोटे वेंकटरमण स्वामींचे देऊळ, म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरने बंगळूर हाती आल्यावर १६९० च्या सुमारास बांधलेले. हे बंगळूर त्याच्या हाती आले ते मराठ्यांच्या हातून गेल्यावर, आणि तो व्यवहार पैशाचा होता.

१६३८ मध्ये विजापूरचा सेनापती रणदुल्ला खान आणि त्याच्याबरोबर शहाजी राजे यांनी बंगळूर घेतले. केंपेगौडाच्या वंशजाला मागडीकडे जावे लागले आणि ते घराणे तिथे १७२८ पर्यंत टिकले. बंगळूर शहाजी राजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा मुलूख त्यात होता. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही वतनी पदे कर्नाटकाच्या या भागात रुळली ती विजापुरी अमलात, शहाजी राजांच्या काळात. १६४० ते १६४२ च्या दरम्यान जिजाबाई आणि बाल शिवाजी बंगळूरात होते. नंतर दोघे पुण्याला परतले. शहाजी राजांचे थोरले पुत्र संभाजी राजे कर्नाटकात राहिले आणि पुढे कनकगिरीच्या वेढ्यात पडले.

या दरबाराचे सर्वांत जिवंत चित्र जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे. जयराम महाराष्ट्रातून बंगळूरला आला आणि शहाजी राजांसमोर त्याने बारा नारळ ठेवले, कारण बारा भाषांत कविता करतो असे त्याला सांगायचे होते. दरबारात त्याला समस्या घालण्यात आल्या, त्याने त्या त्या भाषेत पुऱ्या केल्या. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये हा ग्रंथ मोठ्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला तेव्हा शहाजी राजांविषयीची मराठी समजूत बरीच बदलली. नुसता तलवारबहाद्दर नव्हे, तर पंडितांना पोसणारा, संस्कृत जाणणारा राजा इथे दिसला. बंगळूरच्या रस्त्यांवर आज जितक्या भाषा ऐकू येतात तितक्या त्या दरबारातही चालत असाव्यात.

शहाजी राजे २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे, शिकारीत घोड्यावरून पडून वारले. आताच्या दावणगेरे जिल्ह्यात त्यांची समाधी आहे. बंगळूर धाकटे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्याकडे आले. १६६९ मध्ये काडू मल्लेश्वराच्या देवळाला त्यांनी गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. मल्लेश्वरम उपनगराला नाव मिळाले ते याच देवळावरून. पेठेपासून ते वायव्येला असल्याने या वाटेवर येत नाही. १६७५ च्या सुमारास एकोजींनी तंजावर घेतले आणि त्यांचे लक्ष तिकडे गेले. दूरचे बंगळूर सांभाळणे जड जाऊ लागले, तेव्हा ते तीन लाख रुपयांना चिक्कदेवराजाला विकायचे ठरले. सौदा पुरा होण्याआधीच जुलै १६८७ मध्ये मोगल सरदार कासिम खानाने बंगळूर काबीज केले, आणि मग त्यानेच ते त्याच किमतीला चिक्कदेवराजाच्या हवाली केले. मराठ्यांचा बंगळूरशी राज्यकर्ते म्हणून असलेला संबंध तिथे संपला. शहाजी राजांचा वाडा आज कुठेही उभा नाही, आणि पेठेत त्यांची खूण म्हणून दाखवण्यासारखी इमारत नाही. मराठी माणसाने हे आधीच जाणून जावे.

किल्ल्याच्या उत्तरेला कृष्णराजेंद्र मार्केट आहे. १९२८ मध्ये बांधलेली ही मंडई पहाटे पाहावी, फुलांचा बाजार भरलेला असताना: झेंडू आणि शेवंतीचे ढीग आणि मापाने, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतच्या ‘मोळ’ने, विकले जाणारे गजरे. इथून पुढे पेठ.

केंपेगौडा हा यलहंकेचा नायक, विजयनगरचा मांडलिक. त्याने मातीची तटबंदी घालून पेठ वसवली तेव्हा एका जागेवरून चार नांगर चार दिशांना सोडले, आणि बैल जिथे थांबले तिथे वेशी बांधल्या, असे सांगितले जाते. हलसूर, यलहंका, सोंडेकोप्प आणि आनेकल या गावांकडे तोंड करून असलेल्या वेशींची नावे त्या त्या गावांची. नांगरांनी काढलेले दोन रस्ते म्हणजे दोड्डपेटे आणि चिक्कपेटे, म्हणजे आजचे चिकपेट. दोड्डपेटेचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲव्हेन्यू रोड झाले. पेठेची तटबंदी आणि खंदक त्याच शतकात गेले, वेशीही गेल्या. पण गल्ल्या जुन्याच जागी आहेत आणि त्यांची नावेही: अक्कीपेटे तांदळाची, रागीपेटे नाचणीची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची, गाणिगरपेटे तेल्यांची, कुंबारपेटे कुंभारांची, उप्पारपेटे उप्पारांची. मालाचे धंदे आता बरेच सरकले आहेत. चिकपेटेत रेशमी साड्या, ॲव्हेन्यू रोडला पुस्तके आणि वह्या, नगर्तपेटेत घाऊक व्यापार. तरी एका गल्लीत एकच धंदा, ही पेठेची सवय मोडलेली नाही.

ब्युकॅननने १८०० मध्ये पाहिलेली पेठ विणकरांची आणि सावकारांची होती. टिपूच्या पाडावानंतर व्यापार नुकता सावरत होता आणि पुण्याचे व्यापारी काश्मिरी शाली आणि केशर घेऊन येत, असे त्याने नोंदवले आहे. पेठेतले भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी हे समाज अजून घरात मराठी बोलतात आणि त्यांच्या देवळांत विठ्ठल-रखुमाई उभे असतात. त्यांची मराठी पुण्याच्या मराठीपेक्षा निराळी आहे, कानडीच्या चालीवर चालणारी. पण आषाढी एकादशीला भजनाला बसले की फरक उरत नाही.

पेठ पायी पाहण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे करग. नगर्तपेटेतल्या धर्मरायस्वामींच्या देवळातून चैत्र पौर्णिमेच्या रात्री हा उत्सव निघतो. तो तिगळ समाजाचा, ज्याला वह्निकुल क्षत्रिय असेही म्हणतात. बागायती हा त्यांचा पिढीजात धंदा. द्रौपदीचे रूप म्हणून पुजारी स्त्रीवेषात, डोक्यावर मोगऱ्याने शृंगारलेला उंच करग, म्हणजे घट, घेऊन, हात न लावता पेठेतून चालतो. भोवती तलवारी घेतलेले वीरकुमार असतात. वाटेत तो देवळांना भेट देतो आणि कॉटनपेटेतल्या तवक्कल मस्तान दर्ग्यातही जातो. तिगळ या भेटीला आपलाच नेम मानतात. रात्रभर पेठेच्या गल्ल्या घालून करग पहाटे धर्मरायांच्या देवळात परत येतो, आणि पुढे दोन दिवसांनी उत्सवाची सांगता होते.